आखाजीपासून मृगापर्यंत एक गोधडी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकींना आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरांना हे लिहिते आहे. अमळनेरच्या, चोपडा-पारोळ्याच्या, धरणगाव-एरंडोलच्या, पार शिंदखेडा-शिरपूरपर्यंतच्या. मागणे एकच आहे. या वैशाखात माळ्यावरच्या पेट्या उघडा, जुनी सुती लुगडी, धोतरे, चादरी बाहेर काढा, घरात किंवा गल्लीत जिला गोधडी शिवता येते तिच्याजवळ बसा आणि एक गोधडी पुरी करा. एकच, पण पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत.

घाई आहे म्हणून मागते आहे. ज्यांच्या हातात ही कला आहे त्या बायका आता साठी-सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, सुईत दोरा ओवून द्यायला नातवंड लागते. त्यांच्या सुनांना शिलाई मशीन चालवता येते, ब्लाउज बेतता येतो, पण पाच-सहा पदर एकावर एक ठेवून सुरकुती न पडू देता ते कसे धरायचे, हे अनेकींनी कधी करून पाहिलेले नाही. गरज पडली नाही, वेळ मिळाला नाही, दुकानात ब्लँकेट स्वस्तात मिळाले. अजून दहा वर्षांनी विचारायला जावे तर सांगणारी नसेल. पुस्तक वाचून हे येत नाही. शेजारी बसून, हाताकडे बघतच ते उचलावे लागते.

आपल्या घरांत कापडाला किती लांब आयुष्य होते, ते एकदा नीट आठवून बघा. नवे लुगडे आधी सणाचे, मग गावाला जाण्याचे, मग रोजचे. मधोमध विरले की विरलेला भाग कापून चांगले तुकडे जोडायचे, दंड घालायचा, की ते पुन्हा वर्ष-दोन वर्षे चाले. त्यानंतर कापड इतके मऊ होई की बाळंतिणीच्या घरी त्याची मागणी असे. बाळोती, दुपटी, कुंची त्यातूनच होत. धोतराचे गाळणे माठावर बसे. उरलेले गोधडीत जाई. गोधडी विरली की तिचे पायपुसणे, मग पोतेरे, आणि अगदी शेवटी चुलीत किंवा उकिरड्यावर. उकिरड्यावर गेले तरी ते सूतच; मातीत कुजून पुढच्या पावसात शेतात पोचे. एवढ्या प्रवासात कचरा म्हणून बाहेर काहीच पडत नव्हते. आज जगभर टिकाऊ जीवनशैलीवर परिषदा भरतात, अहवाल निघतात. त्यांत ज्या गोष्टी करायला सांगतात त्यांतल्या बऱ्याच आपल्या आज्या न सांगता करत होत्या.

आणि मी हे लिहिते आहे ते गाव कोणते? अमळनेर. या गावाला कापडाची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रताप शेठांची कापडगिरणी इथली. तिच्या भोंग्यावर गावाची सकाळ होई आणि पाळ्या बदलत. कापडाच्या धंद्यातून आलेल्या पैशाचा मोठा वाटा प्रताप शेठांनी विद्येकडे वळवला. १९१६ साली उभे राहिलेले तत्त्वज्ञान मंदिर आणि त्यांचे नाव लावणारी शाळा-कॉलेजे त्याची साक्ष आहेत. जळगाव, धुळे, चाळीसगाव इथेही गिरण्या होत्या. शेतातले बोंड, जिनिंगमधली रुई, गिरणीतले सूत आणि बाजारातले पातळ, हे सगळे एका बैलगाडीच्या टप्प्यात होते. त्या गिरण्यांपैकी बहुतेकांची धुराडी आता थंड आहेत. खान्देशचा कापूस अजून भरभरून पिकतो, त्याच्या गाठी बांधल्या जातात, आणि त्या गाठी बाहेर जातात.

कार्तिकात एखाद्या कपाशीच्या शेताच्या बांधावर उभे राहा. वेचणाऱ्या बाईच्या अंगावर सिंथेटिक साडी असते, त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, तोही बहुधा टेरिकॉटचा. कमरेला झोळी. बोंडाची सुकलेली टोके बोटांत घुसतात, नखांच्या कडा सोलून निघतात. ती जो कापूस वेचते त्याचे कापड तिच्या अंगावर नाही. मला हे दृश्य खुपते आणि ते तुम्हालाही खुपावे असे वाटते.

त्या कापसाचा हिशेब करून बघू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकीची सरकी. अर्धा किलो वजनाची सुती साडी घ्या. तिला निदान दीड किलो कापूस लागला. एका बोंडात चार-पाच ग्रॅम कापूस असतो. म्हणजे तुमच्या अंगावरच्या एका साडीसाठी कोणीतरी उन्हात वाकून तीनशेच्या वर बोंडे एकेक करून रिकामी केली आहेत. त्याआधी पेरणी, निंदणी, फवारण्या, बोंडअळीची धास्ती, भावाची वाट. पाण्याचेही असेच. एका सुती टी-शर्टमागे जागतिक सरासरीने सुमारे २७०० लिटर पाणी खर्च होते असा अंदाज नेहमी दिला जातो. पाडळसऱ्याच्या धरणाची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या तालुक्याला २७०० लिटर म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. कापूस निष्पाप पीक आहे असे मी म्हणत नाही. त्याला पाणी लागते, औषधे लागतात, त्याने शेतकऱ्याला कर्जातही लोटले आहे. इतके मोल देऊन जे कापड झाले ते दोन दिवाळ्यांत टाकून द्यायचे, हे मला पटत नाही.

ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेने २०१२ साली काढलेला निष्कर्ष इथे सांगते, कारण तो अगदी घरगुती आहे. कपडा आणखी नऊ महिने वापरात राहिला, तर त्याच्यामागे होणारा कार्बनचा, पाण्याचा आणि कचऱ्याचा भार २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो. नऊ महिने! आपल्याकडे दंड घातलेले लुगडे त्याहून जास्त चालत असे. उलट बाजूचा आकडाही आहे. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ सालच्या अहवालाप्रमाणे कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी मालाचा पुन्हा कपडा होतो. तेव्हा ‘टाकले तरी कुठेतरी रिसायकल होईल’ या भरवशावर राहू नका. घंटागाडीत टाकलेली साडी बहुधा कचरा डेपोवरच जाते. बोरी नदीच्या पुलावरून खाली नजर टाका, बाभळींना गुंडाळलेल्या चिंध्या दिसतात. त्या रंगीत, चमकदार चिंध्या सुती नसतात. सुती कधीच कुजून गेलेल्या असतात.

पॉलिस्टरबद्दल आपण फार विचार केलेला नाही. ते खनिज तेलापासून बनते, म्हणजे प्लास्टिकच्याच घरातले. धुताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे धागे सुटतात, ते गटारातून बोरीत, बोरीतून तापीत आणि तापीतून सुरतेजवळ समुद्रात जातात. ते घाम शोषत नाही आणि आपला उन्हाळा ४४-४५ अंशांचा. चुलीजवळ, गॅसजवळ पेटले तर वितळून कातडीला चिकटते. आणि गोधडीत ते घालता येत नाही, कारण घसरते, टाका धरत नाही, पदर एकमेकांत बसत नाहीत. ज्या घरात वीस वर्षे फक्त सिंथेटिक साड्या आल्या त्या घरात गोधडीला कापडच उरत नाही. कला हरवण्याआधी तिचा कच्चा माल हरवतो आहे, हे आधी लक्षात घ्या.

म्हणून सगळ्या सिंथेटिक साड्या आज बाहेर फेका, असे मात्र मी मुळीच सांगणार नाही. ती उलटी उधळपट्टी होईल. आहे ते फाटेपर्यंत वापरा. छत्री, रेनकोट, शाळेचे दप्तर यांना ते कापड योग्यच आहे. पुढची साडी, पुढचा सदरा, पुढची चादर घेताना मात्र हात सुताकडे जाऊ द्या. आणि ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावलेले महागडे सामान घेण्याची घाई करू नका. घरात असलेली वस्तू आणखी पाच वर्षे चालवणे याच्याइतके पर्यावरणपूरक दुसरे काही नाही, आणि त्याला पैसा पडत नाही.

आता आहेराचे बोलू. खान्देशातल्या लग्नांत आहेर किती फिरतो हे आपण सगळे जाणतो. व्याह्याला टॉवेल-टोपी, विहिणीला साडी, प्रत्येक आत्या-मावशीला ब्लाउजपीस. साडी अशी की देणाऱ्यालाही ठाऊक असते, घेणारी ती नेसणार नाही. टॉवेल अंग पुसायला निकामी, कारण तो पाणीच टिपत नाही. मग ते सगळे कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरी पोचते. प्लास्टिकच्या पिशवीसकट तीन-तीन, चार-चार घरे फिरून आलेल्या साड्या मी पाहिल्या आहेत. या कापडाला कोणाच्याही अंगाचा स्पर्श होत नाही. ते बनवायला तेल जळले, पाणी गेले, रंगाचे सांडपाणी कुठल्यातरी नदीत गेले, आणि ते कधीच वापरले गेले नाही. मानपान सोडा असे मी म्हटले तर कोणी ऐकणार नाही, आणि माझेही तसे म्हणणे नाही. मान राहू द्या, वस्तू बदला. दहा जणींना दहा निरुपयोगी साड्या देण्यापेक्षा चौघींना नेसता येतील अशा सुती साड्या द्या. बाकीच्यांना एक चांगला पंचा द्या, तो रोज लागतो. ज्यांनी पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असे छापून ते खरोखर पाळले, त्यांचे अनुकरण इतरांनी करावे.

सत्काराच्या शालीही यातच येतात. आपले गाव कार्यक्रमांचे. २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झाले, त्याआधी १९५२ साली झाले होते. व्याख्यानमाला, गुणगौरव, निरोप समारंभ वर्षभर चालूच असतात. प्रत्येक ठिकाणी शाल आणि श्रीफळ. नारळ निदान खाल्ला जातो. शाल घरी येते आणि पहिल्या शालींवर जाऊन पडते. शिक्षकांच्या, कार्यकर्त्यांच्या घरी अशा शालींचे गठ्ठे आहेत. संयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे: एका कार्यक्रमाला दहा शाली घेण्यापेक्षा, प्रमुख पाहुण्यांना गावातल्या एखाद्या बाईने हाताने शिवलेली एक लहान गोधडी द्या. दुपट्याच्या आकाराची असली तरी चालेल. पाहुणा ती घरी नेऊन वापरेल, कोणी शिवली ते विचारेल, आणि त्या बाईच्या हातात पैसे पडतील.

गोधडी कशी होते ते ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. आधी सगळे कापड धुऊन कडक उन्हात वाळवायचे. सदऱ्यांची बटणे कापून डब्यात ठेवायची, ती पुढे लागतात. कॉलर, पट्टी, जाड शिवण उसवून काढायची, नाहीतर सुई अडते. मग ओसरी किंवा गच्ची झाडून त्यावर खालचे लुगडे ताणून पसरायचे आणि चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचे. त्यावर आतले पदर. इथे खरी कसोटी असते. तुकडे लहान-मोठे, काही जाड, काही विरलेले. जाडाशेजारी जाड आले तर तिथे गाठोडे होते, विरलेल्यावर विरलेले आले तर तिथून गोधडी आधी फाटते. म्हणून म्हाताऱ्या बायका एकेक तुकडा हातात घेऊन, बोटांनी चोळून, उजेडाकडे धरून त्याची जागा ठरवतात. वरून दुसरे लुगडे. मग सगळ्यावर लांब लांब कच्चे टाके, म्हणजे पदर हलत नाहीत. त्यानंतर पक्का धावदोरा. कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन करत आत आत जायचे. डावा हात गोधडीच्या खाली असतो, वरून आलेले सुईचे टोक त्याच्या बोटाला लागले की कळते सुई सगळ्या पदरांतून आरपार गेली. जिची सुई चालते तिच्या त्या बोटाला घट्टा पडलेला असतो.

आमच्या ओळखीच्या एका आजींच्या गोधडीत त्यांच्या सासूचे लुगडे, दिराचे धोतर, नातवाचा शाळेचा पांढरा सदरा असे सगळे आहे. कुठे कोण आहे ते त्या बोट ठेवून दाखवतात. त्यांना मी एकदा विचारले, आता बाजारात इतके मिळते, मग हे कशाला? त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, “फाटनं म्हनीसन कोनी फेकतस का?” त्यांना प्रश्नच विचित्र वाटला होता.

माझ्या या आवाहनावर एक आक्षेप येईल, आणि तो मी मनापासून मान्य करते. ज्यांनी हौसेखातर नव्हे तर नाइलाजाने ठिगळे लावली, ज्यांच्या पोरांना शाळेत फाटक्या चड्डीवरून चिडवले गेले, ज्यांना दुसऱ्यांचे उतरलेले कपडे मान खाली घालून घ्यावे लागले, त्यांना जुन्या कापडाचे गोडवे कोणी सांगू नयेत. त्यांच्यासाठी नवा कपडा ही मान ताठ करण्याची गोष्ट आहे. साने गुरुजींना हे पुरेपूर ठाऊक होते. ‘श्यामची आई’मधला श्याम शिकायला दूर राहतो, पै-पैसा साठवतो आणि धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून घरी नेतो. भावाचा फाटका कोट त्याला बघवला नव्हता. हेच गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्या शाळेत शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांचे कपडे कोणाला न सांगता धुऊन ठेवत. नव्या कोटाचा आनंद आणि जुन्या कपड्याची निगा, दोन्ही त्यांनी एकाच मायेने केले. तेव्हा माझे मागणे भरलेल्या कपाटांकडे आहे. ज्यांच्या कपाटाचे दार लोटल्याशिवाय लागत नाही, त्यांनी आधी हात थांबवावा. आणि कोणाला कपडे द्यायचेच असतील तर धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून द्या. फाटके दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याला दान म्हणू नये.

दुसरा आक्षेप बायका घेतील आणि तोही रास्त आहे. शेत, स्वयंपाक, मुले, म्हातारी माणसे, बचत गटाचे हप्ते. आता वर गोधडीही आम्हीच शिवायची का? नाही. सुई कोणाच्याही हातात चालते. गावोगावच्या शिंप्यांनी मशीनमागे आयुष्य काढले, त्यात पुरुषच जास्त होते. मुलाला स्वतःच्या शर्टाचे बटण लावता यायला हवे, नवऱ्याला उसवलेली शिवण टाचता यायला हवी. आणि ज्यांना वेळ नाही त्यांनी शिवून घ्यावी, पण पूर्ण मोल देऊन. हाताने शिवलेली गोधडी ही कित्येक दुपारींची मेहनत असते. तिच्यासाठी मशीनच्या ब्लँकेटची किंमत सांगून घासाघीस करू नका. ‘कापड तर आमचंच आहे’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या पदरांतून निघालेल्या कांथा कामाला आज देशभर मान आहे. ते काम करणाऱ्या आणि शेकडो बायकांना शिकवणाऱ्या प्रीतिकणा गोस्वामी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या गोधडीचा टाका त्यांच्या टाक्याचा सख्खा नातलग आहे. आपण मात्र पाहुणे आले की गोधड्या आतल्या खोलीत लपवतो.

गोधडीच्या मागे आणखी माणसे उभी आहेत. रफूगार, जुने कपडे घेऊन भांडे देणारी बोहारीण, तांब्या-पितळेला कल्हई लावणारा, आणि पिंजारी. पिंजाऱ्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण तो कापसाचाच माणूस आहे. कापसाची गादी दबली की तो ती उसवतो, रुई पिंजून पुन्हा फुलवतो, खोळ बदलतो, आणि तीच गादी पुढची काही वर्षे नव्यासारखी होते. फोमची गादी एकदा बसली की बसली. ती उचलून नेणाराही कोणी मिळत नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखात फोमवर झोपायचे काय कारण? पुढच्या वेळी दारावरून पिंजाऱ्याची हाक आली तर त्याला थांबवा.

पिशवीचे एक सांगून पुढे जाते, कारण इथे चांगल्या माणसांचीही फसगत होते. राज्यात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि दुकानांतून कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत, छापील पिशव्या मिळू लागल्या. त्या कापडी नाहीत. नॉन-वोव्हन म्हणतात ते प्लास्टिकच आहे, काही महिन्यांत त्याचा भुगा होतो आणि मातीत मिसळतो. जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवा. भाजीचे ओझे ती वर्षानुवर्षे पेलते.

हे एकेकट्याने होणार नाही, म्हणून गावाकडे मागते. शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला मुला-मुलींना, दोघांनाही, बटण लावणे, काठ दुमडणे, ठिगळ नीट बसवणे शिकवावे. शिकवायला गावातल्या आज्यांना मानधन देऊन बोलवावे. बचत गटांनी पापड-कुरडयांच्या जोडीला गोधडीची मागणी घ्यावी. नगरपरिषदेने घंटागाडीत कापड वेगळे घेण्याची सोय करावी, म्हणजे वापरण्याजोगे सुती कापड या गटांकडे पोचेल. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात सगळा परिसर लोटतो. तिथे पाळणे आणि खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत गोधडीवाल्यांसाठी एक रांग राखून ठेवता येईल. १९३६ च्या डिसेंबरात याच जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारखे साधे सामान घेऊन नगर सजवले आणि सोबत खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले गेले. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव राबले. देशाला हे करून दाखवणाऱ्या जिल्ह्याला यात्रेतली एक रांग जड नाही.

आणि ज्यांना गोधडी येते त्या आज्यांना, काकूंना, मावश्यांना: तुमच्या दाराशी कोणी शिकायला आले तर ‘मला मेलीला काय येतं’ म्हणून परतवू नका. शिकणारीचा टाका वाकडा जाईल, पदर सरकतील, ती दोनदा बोट टोचून घेईल. उसवून टाकू नका, पुढचा टाका नीट घालायला सांगा. तुमच्या हातची एखादी गोधडी अर्धी राहिली असेल तर तीच तिच्या पुढ्यात ठेवा, सुरुवात सोपी जाईल.

शिकायला बसणाऱ्यांसाठी कामाच्या दोन-तीन गोष्टी. पहिल्यांदा मोठी गोधडी हाती घेऊ नका, बाळाच्या दुपट्यापासून सुरू करा. दोरा सुतीच घ्या, पॉलिस्टरचा दोरा मऊ कापडाला कापत जातो. ज्यांच्या घरात सुती कापड उरलेलेच नाही त्यांनी शेजारी मागावे, आजोळी विचारावे, जुन्या चादरी चालतात, पडदे चालतात. आखाजीपासून मृगापर्यंत महिना-सव्वा महिना मिळतो. एकदा पाऊस पडला की शेते बोलावतील, मग सुई धरायला कोणाला सवड नाही. तेव्हा कच्चे टाके आखाजीच्याच आठवड्यात घालून घ्या.